कुंकू काळं काहून दिसते?

(आष्टी, जि. वर्धा येथे महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)

सकाळपासून आपण बचत गटांचे हिशेब पाहिले, चालू केसेसवर बोललो, दारूच्या प्रश्नावर पुन्हा एकदा भांडलो. जेवणानंतरच्या या वेळात मला जुन्या व्हिडिओ कॅसेटींबद्दल बोलायला सांगितलं आहे. काही जणी हसल्या, ते मी पाहिलं. "ताईला आता शूटिंगचं वेड लागलं," असं कोणीतरी म्हणालंही. वेडच म्हणा. पण गेलं वर्षभर मी एका कॅसेटीतल्या रंगाच्या मागे धावते आहे, आणि त्या धावण्यात जे शिकले ते तुमच्या कामाचं आहे असं मला वाटतं. कारण अशा कॅसेटी तुमच्याही कपाटांत आहेत.

आपल्या गावाला लोक नुसतं आष्टी म्हणत नाहीत, आष्टी शहीद म्हणतात. १६ ऑगस्ट १९४२ ला इथे काय घडलं ते शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. स्मारक आहे, दरवर्षी कार्यक्रम होतो. ते व्हायलाच पाहिजे. पण याच तालुक्यात नव्वदच्या दशकात बायांनी ज्या सभा घेतल्या, दारूच्या हातभट्ट्या फोडल्या, त्याची आठवण कुठे ठेवली आहे? वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. ती कागदावरून गावात उतरावी म्हणून रात्री कंदील घेऊन फिरणाऱ्या बाया कोण होत्या? त्यांचं स्मारक म्हणजे लोखंडी कपाटावर ठेवलेली, धुळीने भरलेली प्लास्टिकची पिशवी. त्यात चार कॅसेटी. एकीवर बॉलपेनने लिहिलेलं: "सभा, संक्रांत, ९७."

कॅसेट लावली तेव्हा

त्या सभेबद्दल मी ऐकून होते. त्या संक्रांतीला जवळच्या एका खेड्यात बायांनी शाळेच्या आवारात हळदीकुंकू केलं आणि त्यात गावातल्या विधवा बायांना बोलावलं. नुसतं बोलावलं असं नाही, त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं, हातात हिरवा चुडा भरला. लग्नाचं शूटिंग करणारा एक पोरगा होता, त्याने ते टिपलं.

मी ती कॅसेट एका शहरातल्या दुकानात दिली. पेन ड्राइव्हवर करून आणली. त्या सभेला असलेल्या तीन जणी अजून आहेत. त्यांना बोलावलं, चहा केला, टीव्हीला पेन ड्राइव्ह लावला. चित्र स्थिर, आवाज चांगला. पण सगळं काळंपांढरं. मला वाटलं, जुनं आहे, रंग उडाला असेल. कापड नाही का विटत?

त्यातली सर्वांत म्हातारी आजी पुढे सरकून बसली आणि म्हणाली, "काहून वो बाई, हे कुंकू काळं काहून दिसते? आमी तं लाल लावलं होतं."

मैत्रिणींनो, मी गप्प झाले. कारण त्या चित्रात कुंकू लावलेल्या कपाळात आणि बुक्का लावलेल्या कपाळात काही फरकच दिसत नव्हता. हिरवा चुडा काळा दिसत होता. म्हणजे त्या बायांनी जी हिंमत केली होती, ती नेमकी रंगातच होती आणि रंगच गेला होता. उद्या कोणी ही चित्रफीत पाहिली तर म्हणेल, बाया बसल्या आहेत, वाण वाटताहेत, यात काय विशेष?

४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करण्याचं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. त्याचं आपण सगळ्यांनी स्वागत केलं. पण ठरावाच्या आधी पंचवीस वर्षं खेड्यातल्या बायांनी कुठलाही ठराव नसताना हे करून पाहिलं होतं. त्याचा पुरावा त्या एका लाल ठिपक्यात होता. म्हणून मी त्याच्या मागे लागले.

रंग कुठे हरवला?

मी समाजकार्याची विद्यार्थिनी. इलेक्ट्रॉनिक्स मला येत नाही. पण केसवर्कमध्ये आपण एक गोष्ट शिकतो: दुखणं कुठे आहे ते आधी शोधा, मग उपाय. बाई "डोकं दुखतं" म्हणते, आणि मूळ वेगळंच असतं. इथेही तसंच आहे. रंग बिघडण्याच्या जागा चार: चित्रीकरणाच्या वेळी कॅमेऱ्यात, कॅसेटीत, व्हीसीआरपासून कॉम्प्युटरपर्यंतच्या वाटेत, आणि शेवटी आपण ज्या पडद्यावर पाहतो त्यात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पाहायचं. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने सुधारलं आणि कशाने बिघडलं ते कधीच कळत नाही.

आधी मी एका जुन्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांकडे कॅसेट नेली. त्यांच्याकडे व्हीसीआर होता आणि जुना पेटीसारखा टीव्ही. सरळ वायरने जोडून लावली. मैत्रिणींनो, रंग होता! फिका, थरथरता, पण होता. म्हणजे कॅसेट निर्दोष. रंग वाटेत हरवला होता.

काकांनी समजावलं ते तुम्हाला माझ्या भाषेत सांगते. चित्राचे दोन भाग असतात. एक उजेड-अंधाराचा, दुसरा रंगाचा. रंग एका ठरावीक लहरीवर बसून येतो. आपल्याकडची पद्धत पॅल. तिच्यात ही लहर सेकंदाला सुमारे ४४ लाख ३० हजार वेळा हलते. घेणाऱ्या यंत्राला ही खूण पटली तर ते रंग उघडतं. खूण पटली नाही तर चुकीचा रंग दाखवण्यापेक्षा रंगाचं दारच बंद करतं, आणि चित्र काळंपांढरं येतं. कॉम्प्युटरला जोडायच्या डबीच्या यादीत पॅल नावाचेच अनेक प्रकार असतात. दुकानदाराने त्यातला पॅल-एन निवडला होता. तो अर्जेंटिनाकडे चालणारा प्रकार. त्यात रेघा आपल्याइतक्याच, ६२५, म्हणून चित्र स्थिर आलं. पण रंगाची लहर वेगळी, म्हणून रंग गेला. चित्र स्थिर असल्यामुळे कोणाला शंकाच आली नाही. यादीत पॅल-बी निवडलं आणि कुंकू लाल झालं. एवढीशी चूक!

म्हणून काळंपांढरं चित्र आलं तर पहिल्यांदा हे तपासा. यंत्र पॅल-बीवर आहे का? पिवळी पिन पिवळ्याच भोकात आहे का? ती हिरव्या भोकात गेली तरी चित्र काळंपांढरं येतं. अमेरिकेतून कोणी पाठवलेली कॅसेट आहे का? तिथली पद्धत एनटीएससी, रेघा ५२५, तिला ती पद्धत ओळखणारा व्हीसीआर लागतो. आणि रंग येत-जात असेल, मधेच चमकून जात असेल, तर बहुधा व्हीसीआरचं हेड मळलेलं असतं किंवा ट्रॅकिंग जुळलेलं नसतं. हेड जाणकाराकडूनच साफ करून घ्या. आणि कॅसेटीच्या खिडकीतून पांढरी बुरशी दिसत असेल तर ती मुळीच लावू नका. फीत तर खराब होतेच, पण हेडला लागलेली बुरशी पुढच्या कॅसेटीलाही लागते.

कपाळाबाहेर गेलेलं कुंकू

रंग आला, पण आनंद अर्धाच. कुंकू कपाळावरून उजवीकडे ओघळल्यासारखं दिसत होतं. हिरवा रंग बांगड्यांच्या जरा खाली सरकलेला. जणू चित्र एकीकडे आणि रंग दुसरीकडे.

व्हीएचएस कॅसेटीत रंगाला मुळातच जागा कमी दिलेली असते. आडव्या दिशेने उजेड-अंधाराचा तपशील सुमारे २४० रेषांचा मावतो, रंगाचा अवघा चाळीसच्या आसपास. त्यामुळे लाल रंग थोडा पसरणारच. पण एका कॅसेटीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशी नक्कल केली की दर खेपेला रंग आणखी पसरतो, आणखी खाली सरकतो. काकांनी पाहताच सांगितलं, "ही नकलेची नक्कल आहे. अस्सल शोधा."

अस्सल शोधायला मला दोन महिने लागले. तो शूटिंगवाला पोरगा आता आजोबा झाला आहे, संत्र्याची बाग करतो. त्याच्या घरी माळ्यावर, लग्नांच्या कॅसेटींच्या ढिगात ती सापडली. वर्ध्याचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांचा, वर पत्र्याचं छप्पर, आणि तरी ती वाचली होती. तिच्यात कुंकू कपाळावर होतं. म्हणून सांगते, तुमच्याकडे जी कॅसेट आहे तीच पहिली असं धरून चालू नका. कोणी शूटिंग केलं ते विचारा, त्याच्या घरी जा. कॉम्प्युटरवर रंग थोडा वर, थोडा डावीकडे सरकवता येतो, पण पसरलेलं परत गोळा होत नाही.

भिंत पांढरी नव्हती

आता तिसरा घोळ. आवारातला भाग निळसर आणि वर्गातला भाग हिरवट. हा दोष कॅमेऱ्याच्या वेळचा. कॅमेऱ्याला पांढरं कशाला म्हणायचं ते सांगावं लागतं. आदल्या रात्री लग्नात हॅलोजनच्या पिवळ्या दिव्यात शूटिंग केलं आणि सकाळी तसंच उन्हात आणलं की सगळं निळं येतं. ट्यूबलाइटखाली चेहरे हिरवे पडतात. कॅसेटीवर तसंच कोरलं गेलेलं असतं, पण हे नंतर बऱ्यापैकी दुरुस्त करता येतं. प्रोग्रामला चित्रातली एखादी पांढरी वस्तू दाखवायची, तो बाकीचे रंग त्यावरून जुळवतो. उजेड बदलला की पुन्हा नव्याने. म्हणजे आवाराला एक दुरुस्ती, वर्गाला दुसरी.

आमच्या संस्थेतल्या मुलाने वर्गाची भिंत पांढरी म्हणून दाखवली. सगळ्या बायांना कावीळ झाली! आजीला पुन्हा दाखवलं तर ती हसायला लागली. "भिंत पांढरी कुठी होती वो? चुन्यात नीळ टाकून पोतली होती आमी, सभेसाठी."

विचार करा. कॉम्प्युटर शिकलेला मुलगा बसला होता, मी एम.एस.डब्ल्यू. बसले होते, आणि बरोबर उत्तर होतं ते ज्या बाईने भिंत पोतली तिच्याकडे. टोपी घ्यावी तर टोपीलाही नीळ. शेवटी आजीनेच ट्रंकेतून त्या सभेचं फलक-कापड काढलं. लाल कापड, वर पांढरी अक्षरं. घडीच्या आतला भाग विटलेला नव्हता. ते दिवसाच्या उजेडात दारात धरलं आणि पडद्यावरचं फलक त्याच्याशी जुळेपर्यंत रंग हलवला. तुमच्याकडेही काही ना काही असेल: झेंडा, पत्रक, लुगड्याचा तुकडा. ते टाकू नका.

आणि हे सगळं करताना पडद्याची खात्री करून घ्या. नवे टीव्ही दुकानात उठून दिसावेत म्हणून भडक रंगावर ठेवलेले असतात. ते साधं करा. जुन्या पेटी-टीव्हीच्या एका कोपऱ्यात जांभळा डाग दिसत असेल तर जवळच्या स्पीकरचं चुंबक त्याला कारण असू शकतं. त्यात कॅसेटीचा दोष नाही.

"हे माही माय नोहे"

आता जे सांगते त्यासाठीच खरं तर मी उभी आहे.

दुसऱ्या कॅसेटीत एक बाई नवऱ्याच्या मारहाणीबद्दल बोलते. पदर सारून दंडावरचा वळ दाखवते. ती आता हयात नाही. तिची मुलगी आपल्या गटात आहे. ही कॅसेट घाईत होतो म्हणून मी दुसऱ्या एका दुकानात दिली. त्यांनी "करेक्शन फ्री" म्हणून सगळं चकाचक करून दिलं. कुठल्याशा प्रोग्रामने आपोआप. मुलीने पाहिलं आणि म्हणाली, "हे माही माय नोहे. माही माय सावळी होती."

प्रोग्रामने तिच्या आईला गोरी केलं होतं. कातडी गुळगुळीत केली होती. आणि त्या गुळगुळीतपणात दंडावरचा वळ पुसला गेला होता. जो वळ दाखवायला ती बाई भर सभेत उभी राहिली, तो "डाग" म्हणून साफ!

हे नुसतं एका दुकानाचं नाही. कॅमेरा आणि रंग यांच्या इतिहासातच हे आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापासून कोडॅक कंपनी फोटो धुणाऱ्या लॅबना रंग जुळवण्यासाठी एका गोऱ्या बाईचा फोटो पाठवायची. त्याला शर्ली कार्ड म्हणत. शर्लीचा चेहरा नीट आला की रंग बरोबर. मग काळ्या माणसाचा चेहरा अंधारात गेला तरी चालेल. कॅनडातल्या अभ्यासिका लॉर्ना रॉथ यांनी २००९ साली हा सगळा इतिहास लिहिला. त्या सांगतात की फिल्ममध्ये गडद रंगांची जाण सुधारली त्याला चॉकलेटवाल्यांच्या आणि लाकडी फर्निचरवाल्यांच्या तक्रारीही कारण होत्या. चॉकलेटसाठी सुधारणा होते, काळ्या बाईच्या चेहऱ्यासाठी थांबावं लागतं! आणि "मुलगी गोरी पाहिजे" म्हणणाऱ्या आपल्या देशात तर "चांगला रंग" याचा अर्थच गोरा असा आहे. यंत्र आपोआप दुरुस्ती करतं म्हणजे कोणाच्या तरी आवडीप्रमाणे करतं.

म्हणून आमच्या गटाने काही नियम केले. दुकानात आधीच सांगायचं: आपोआप दुरुस्ती, चेहरा उजळणं, गुळगुळीत करणं, सगळं बंद. पहिली प्रत जशी येते तशी, रंगाला हात न लावता, न दाबता ठेवायची. एका तासाला सुमारे पंच्याहत्तर जीबी जागा लागते, ती देऊ. मात्र ती प्रत घेतानाच उजेडाची पातळी पाहून घ्यायची, कारण पांढरं लुगडं जळून नुसता पांढरा गोळा झालं की त्यातल्या चुण्या नंतर कशानेही परत येत नाहीत. रंगाची दुरुस्ती नेहमी दुसऱ्या प्रतीवर. काय बदललं ते वहीत लिहायचं. आणि दुरुस्तीच्या वेळी त्या चित्रात असलेली किंवा तिला ओळखणारी एक तरी बाई शेजारी बसलेली पाहिजे.

आणखी एक. दाखवण्याआधी विचारायचं. ज्यांनी तेव्हा चुडा भरला, त्यातल्या काहींना घरी गेल्यावर तो फोडायला लावला होता. आज त्यांच्या सुना-नातवंडांसमोर ते यावं की नाही, हे त्याच ठरवतील. एक जण नाही म्हणाली. तिचा भाग आम्ही कोणाला दाखवत नाही. पुसलाही नाही.

आता उशीर नको

हे काम आपण एकट्या करतो आहोत असं समजू नका. मुंबईत १९८८ साली सुरू झालेल्या स्पॅरो या संस्थेने स्त्रियांच्या आवाजांचा आणि चित्रांचा संग्रह उभा केला आहे. १९८० मध्ये सुरू झालेल्या युगांतर या स्त्रियांच्या फिल्म गटाने पुण्यातल्या मोलकरणींवर आणि निपाणीच्या तंबाखू कामगार बायांवर फिल्म केल्या. त्या फिल्म बर्लिनच्या एका संस्थेने नव्याने सुधारून जतन केल्या, म्हणून आज आपल्या मुली त्या पाहू शकतात. पण आपली खेड्यातली कॅसेट घ्यायला बर्लिनहून कोणी येणार नाही.

आणि वेळ थोडा आहे. व्हीएचएसचे व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, तिने २०१६ च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवलं. आता आहेत ती यंत्रं जुनी, दुरुस्ती करणारे हातही म्हातारे. आमचे काका म्हणतात, "माझे डोळे आहेत तोवर आणा." आणि त्याहून महत्त्वाचं, लाल खरंच किती लाल होतं ते सांगणाऱ्या आज्याही फार दिवस थांबणार नाहीत.

शेवटी त्या आजीचं सांगते. सगळं जुळवून झाल्यावर तिला दाखवलं. कुंकू लाल, चुडा हिरवा. ती बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "माह्यं लुगडं मोरपंखी होतं. हे तं निळंच दिसते." आम्ही पुन्हा प्रयत्न केला. नाही जमलं. ती छटा कॅसेटीत मावलीच नव्हती. तेव्हा आम्ही वहीत तिच्या शब्दांत लिहून ठेवलं: लुगडं मोरपंखी होतं, आर्वीच्या बाजारातून आणलं होतं, आणि त्या दिवशी ते सात वर्षांनी पहिल्यांदा नेसलं होतं.

तर पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने कपाटावरची, माळ्यावरची, ट्रंकेतली कॅसेट घेऊन या. लावून पाहू नका, तशीच आणा. कॅसेट उन्हात ठेवू नका, आडवी नको, उभी ठेवा. आणि येताना तिच्यात जी बाई आहे तिलाही सोबत आणा.